आईंना ट्यूबलाईट हवी होती

घराच्या रिनोव्हेशनचा पहिला वाद आमच्याकडे पैशांवरून नाही झाला, लाईटवरून झाला. मला मधल्या खोलीत पिवळ्या उजेडाचे दोन लटकते दिवे हवे होते, ते पितळी टोपीवाले असतात ना तसे, आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, हवी होती चार फुटी ट्यूबलाईट. ती पण एक नाही, दोन. मी मोबाईलवर फोटो दाखवला. सागवानी तुळया, मातकट भिंती, कोनाड्यात समई, कोपऱ्यात तांब्याचा हंडा आणि हंड्यात मनी प्लांट. त्यांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला, बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हाऊ फोटो कोना घरना शे? गरीब दिखतस बिचारा."

तर इथून सुरुवात.

आमचं घर अमळनेरला, जुन्या गावात. १४ फूट रुंद, ४८ फूट लांब, रेल्वेच्या डब्यासारखं. पुढे ओटा, मग बैठक, मग मधली खोली, मग स्वैपाकघर आणि मागे एवढंसं आंगण, ज्यात मोरी, संडास आणि कढीपत्त्याचं झाड कसंबसं मावतं. दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची घरं चिकटलेली, म्हणजे खिडकी काढायची तर पुढे नाहीतर मागे, तिसरी दिशाच नाही. बैठकीवर वीसेक वर्षांपूर्वी स्लॅब पडला, स्वैपाकघरावर पत्रे आहेत, आणि मधली खोली मात्र अजून धाब्याची. धाबं म्हटलं की ज्यांना हायवेवरची शेवभाजी आठवते त्यांच्यासाठी सांगते, सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर निंबाचा पाला आणि त्यावर वीतभर माती, असं सपाट छत. देशावर ज्याला माळवद म्हणतात तेच. भिंती पण मातीच्या, दोन फूट जाड. काम काढलं तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत खरेदीखत सापडलं, त्यावर 'तालुके अमळनेर, जिल्हा पूर्व खानदेश' असं लिहिलेलं. खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे झाले १९०६ साली, आणि महाराष्ट्र झाला त्या वर्षी, १९६० मध्ये, पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला, म्हणजे कागद या दोन सालांच्या मधला कुठलातरी. नेमकी तारीख खालच्या घडीवर होती आणि ती घडी उंदरांनी खाल्लेली.

मी नाशिकची, फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्नानंतरची चौदा वर्षंही तिथेच भाड्याच्या घरात गेली, अमळनेरला यायचो ते दिवाळी, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराईपुरतं. सासरे गेले, ह्यांची बदली जळगावला झाली, तेव्हा ठरलं की इथेच राहायचं, रेल्वेनं अपडाऊन करता येतं. सामान घेऊन आलो तेव्हा मनात एक भीती होती, की मी काही नवं करायला जाईन आणि आई म्हणतील आमचं जुनं तसंच राहू दे. झालं बरोबर उलटं. मला जुनं हवं होतं. त्यांना ते नको होतं. त्यांना टाईल्स हव्या होत्या, सनमायकाचं शोकेस हवं होतं, भिंती गुळगुळीत हव्या होत्या, पीओपी हवं होतं, आणि वर तो सगळा प्रकार नीट दिसावा म्हणून दोन ट्यूबलाईट.

मी पहिले काही दिवस त्यांना समजावून सांगायचे. मातीची भिंत कशी गार राहते, असं सागवान आता कसं मिळत नाही, मुंबई-पुण्याचे लोक अशा घरात राहायला पैसे मोजतात वगैरे. एक दिवस त्या भाकरी थापता थापता थांबल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुले जुनं घर भारी वाटस, कारन तू ते कधी सारवं नही."

यावर मी काय बोलणार.

मग त्यांच्याकडूनच हळूहळू कळत गेलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तिन्ही खोल्या धाब्याच्या आणि जमीन मातीची. आठ दिवसांनी जमीन सारवायची, सणावाराला भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा. वैशाखात धाब्यावर खारी टाकायची. खारी म्हणजे पांढरट, खारट माती, ती गाढवांवर यायची, दारात ढीग पडायचा आणि घरातल्या बायकांनी घमेल्यांनी वर चढवायची, शिडीवरून. ही माती भिजली की फुलते आणि बारीक होऊन भेगांमध्ये बसते, म्हणून पाणी खाली उतरत नाही. चांगली पसरली तर. नाही पसरली तर मृगाच्या पहिल्या पावसात कळतं. एका वर्षी रात्री दोन वाजता मधल्या खोलीत चार ठिकाणी धार लागली, खाली गव्हाची कोठी, सासरे शेतावर, आणि आई कंदील घेऊन धाब्यावर चढून अनवाणी पायांनी चिखल तुडवत भेग बुजवत होत्या. सातवा महिना होता. पोटात हे होते. हे सांगताना त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, भाजीला किती मीठ घातलं हे सांगावं तसं सांगितलं. आणि मी त्याच छताखाली उभी राहून 'एक्स्पोज्ड सीलिंग' म्हणत होते!

त्या गळतीची खूण अजून आहे. कड्यांच्या मध्ये एका जागी डब्याचा पत्रा कापून, सपाट करून ठोकलेला, वनस्पती तुपाच्या डब्याचा. अमळनेरकरांना यात नवल नाही, १९४५ साली इथे वनस्पतीची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो म्हणून जगभर गेली. जग सॉफ्टवेअरसाठी ओळखतं, आमच्या घरात तिचा डबा गळती थोपवायला वापरला असावा असा माझा अंदाज. छापील रंग धुऊन गेलाय, त्यामुळे पैज लावणार नाही.

शेवटी तह झाला. भिंती आईंच्या, छत माझं. जमिनीला टाईल्स, कोनाडे बुजवायचे नाहीत, पीओपी नाही, शोकेस बैठकीत. बजेट साडेतीन लाख. (हसू नका.)

बैठकीचं काम तसं सोपं होतं, पण त्या खोलीबद्दल सांगायलाच हवं. त्या खोलीत फर्निचर असं कधी नव्हतंच आणि त्याचं कारण कापूस. आमच्याकडे वेचणी झाली की कापूस घरात भरतात, भाव वाढेल या आशेवर. दिवाळीपासून कधी होळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, बैठक छतापर्यंत पांढरी. पाहुणे ओट्यावर बसायचे, नाहीतर त्या ढिगाला टेकून. दिसायला सुंदर दिसतं ते, पण त्याच्यात बारीक किडे असतात, अंगाला अशी खाज सुटते की रात्रभर झोप नाही, लहान पोरं रडतात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी त्या ढिगाशेजारी झोपले होते आणि सकाळी हातावरचे चट्टे बघून मला वाटलं होतं अॅलर्जी आहे. कुणी काही बोललं नाही, नणंदेनं खोबरेल आणून दिलं फक्त. आता शेती बटाईनं दिलीय, कापूस तिकडूनच जातो. खोली रिकामी झाली तेव्हा कळलं की भिंती खालून चार फूट वेगळ्याच रंगाच्या आहेत, घासून घासून पॉलिश झाल्यासारख्या.

रंग खरवडायला घेतला तेव्हा तर मजाच. वर क्रीम डिस्टेंपर, त्याखाली हिरवा ऑईलपेंटचा पट्टा कमरेइतका आणि त्यावर बोटभर काळी रेघ, त्याखाली गुलाबी, त्याखाली नीळ घातलेला चुना, असे तीन-चार थर, आणि सगळ्यात खाली पांढरी माती. मी लगेच भावुक. आईंना विचारलं हा गुलाबी कधीचा, कुणाच्या लग्नातला असेल. त्या म्हणाल्या, लग्नातला कशाला, दुकानात तोच स्वस्त होता, शेजारच्यांनी पण तोच लावला होता, पूर्ण गल्ली गुलाबी होती.

आणि तो डाग. बैठकीत दाराच्या डाव्या हाताला, माणूस जमिनीवर बसला तर डोकं टेकेल बरोबर त्या उंचीला, एक मोठा तेलकट डाग होता. पेंटरनं एक हात मारला, दुसऱ्या दिवशी डाग वर आला. दुसरा हात मारला, पुन्हा वर. तो म्हणाला, वहिनी, तेल पाण्याच्या रंगाखाली दबत नाही, आधी ऑईल प्रायमर लागेल. मी म्हटलं राहू दे. मला आठवत होतं सासरे तिथेच बसायचे, पेपर वाचायचे, डोक्याला तेल चोपडलेलं असायचं. मी ह्यांना म्हटलं तेवढ्या जागेला आपण लाकडी पट्टीची चौकट करू, रंग लावायचाच नाही. ह्यांचे पण डोळे भरून आले. दोघं तसेच भिंतीकडे बघत उभे. आई आतून आल्या, दोघांकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं. "काय देखी ऱ्हायनात? पेंडनं पोतं तठे ऱ्हाये. तुना सासरा तिकडे बठे," आणि समोरच्या भिंतीकडे हात केला. म्हशीच्या सरकी पेंडीचं पोतं! वर्षानुवर्षं एकाच जागी टेकवलेलं. समोरची भिंत आम्ही आदल्याच दिवशी पुट्टी मारून चकाचक केली होती.

ऑईल प्रायमर लावला.

आता मधल्या खोलीची भिंत. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण पैसे सगळ्यात जास्त इथे बुडाले आणि इतरांचे वाचावेत. तहाप्रमाणे भिंती आईंच्या, त्यांना गुळगुळीत हव्या होत्या. ओळखीतल्या एका कंत्राटदारानं सांगितलं काही टेन्शन नाही, मातीचा गिलावा काढू, कोंबडीजाळी ठोकू, सिमेंटचं प्लास्टर, दोन हात पुट्टी, प्रायमर, वर प्लास्टिक पेंट, वीस वर्षं बघायला नको. आखाजीनंतर काम सुरू केलं, ४४-४५ डिग्रीत, प्लास्टर सकाळी मारलं की दुपारी वाळून कडक. आईंनी शेड कार्डावरून एका भिंतीला मोरपंखी निवडला, बाकी क्रीम. काम झालं त्या दिवशी त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "कशी गुयगुयीत व्हयनी." त्यांना इतकं खुश मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून सांगते.

गणपतीत पहिला फुगा आला. जमिनीपासून फूटभर उंचीवर, पुरीसारखा. दाबला की कुरकुर आवाज. दसऱ्यापर्यंत कमरेइतके फुगे, दिवाळीत मोरपंखी भिंतीचा पोपडा ताटाएवढा निघून पडला, आणि मागे पांढरी बुरशी आल्यासारखं पीठ. ती बुरशी नव्हे, लोणा, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार. कंत्राटदार म्हणाला पाईप लीक असेल. त्या भिंतीत पाईपच नाही.

मग गल्लीतल्याच एका म्हाताऱ्या मिस्तरींना बोलावलं, ते आता काम करत नाहीत, नुसते ओट्यावर बसलेले असतात. त्यांनी भिंतीला अंगठा लावला, पोपड्याच्या मागची माती बोटांत चुरली, जराशी जिभेला लावली आणि थुंकले. म्हणाले, "ताई, ही भिंत जमिनीतून पाणी पिते आणि वरून हवेत सोडून देते. आयुष्यभर तिनं तेच केलं. तुम्ही तिचं तोंड बांधलं." खरं म्हणजे एवढंच आहे सगळं. मातीच्या भिंतीला खाली डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, वगैरे काही नसतं, ओल वर चढतेच, पण मातीचा गिलावा आणि चुना ती बाहेर जाऊ देतात. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट जाऊ देत नाहीत. मग पाणी वाट शोधत आणखी वर चढतं, येताना जमिनीतले क्षार घेऊन येतं, आणि ते क्षार रंगाच्या मागे खडे होऊन बसतात आणि रंगाला पुढे ढकलतात. ओल भिंतीत नवीन आली नव्हती. आधी ती दिसत नव्हती, कारण निघून जात होती.

सिमेंट काढताना माती पण सोबत आली, दोन ठिकाणी तर हात जाईल एवढे खड्डे पडले. मागच्या आंगणात खड्डा करून गारा भिजवला, माती, गव्हाचा भुसा आणि शेण, आठवडाभर रोज पायानं तुडवायचा. मिस्तरी खुर्चीवर बसून सांगायचे आणि त्यांचा पुतण्या थापीनं लावायचा. शेणाचा वास चार दिवस, मग जातो. मुलीनं त्या चार दिवसांत मैत्रिणींना घरी येऊ नका सांगून ठेवलं होतं, ते मला नंतर कळलं.

त्यावर चुना. कळीचा चुना आणून लोखंडी पिंपात पाणी घातलं, तो उकळला, अक्षरशः उकळला, वाफा आणि खदखद, मुलगी व्हिडिओ काढायला लागली तर मिस्तरींनी लांब उभं केलं तिला, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. पंधरा दिवस पाण्याखाली मुरवला, फडक्यातून गाळला, डिंकाचं पाणी घातलं. आईंना पांढरा खडीसाखरेसारखा नको होता म्हणून किंचित नीळ. आई सगळं बघत होत्या. मोरपंखीबद्दल चकार शब्द काढला नाही त्यांनी, त्याचं मला जास्त वाईट वाटत होतं. फक्त एक विचारलं, "दरसाल चुना कोन लावी? मी लावसू का?"

मी म्हटलं, मी लावीन. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं बँकेवाले जामीनदाराकडे बघतात.

भिंतीनं बाकीचे धडे पण दिले. वायरमननं कन्सील्ड करू म्हणून खाच मारायला घेतली, तर इंचाची खाच सहा इंचाची झाली, शेवटी बाहेरून केसिंगपट्टी. टीव्हीचा ब्रॅकेट लावायला ह्यांनी ड्रिल मारलं तर भोकातून नुसती माती गळत राहिली, घड्याळातल्या वाळूसारखी, आणि दोन फूट वर जुनी लाकडी खुंटी आहे, जिच्यावर सासरे ज्वारीची अख्खी पिशवी टांगायचे, ती हलत पण नाही. तर खुंटी नंतर ठोकलेलीच नसते. भिंत चढत असतानाच हातभर लाकूड आत आडवं घालून बांधलेली असते, बाहेर दिसतं ते नुसतं टोक. टीव्ही आता टेबलावर आहे.

टाईल्सचं सांगते थोडक्यात. मिस्तरी म्हणाले जमीन खोदू नका, पाया उघडा पडेल, म्हणून जुन्या शहाबादीवरच टाईल्स बसवल्या. जमीन तीन इंच वर आली. दाराची चौकट तिथेच राहिली. आधीच बुटकं दार, आता ह्यांच्या कपाळाच्या बरोबर मध्ये येतं. पहिल्या महिन्यात चार वेळा आपटले. आई दरवेळी तेच म्हणायच्या, "वाकीसन चालानं ना, जुनं घर शे," आणि हे कपाळ चोळत म्हणायचे, आता का जुनं, आता तर नवं केलंय. स्वैपाकघरात ग्रॅनाईटचा ओटा, सिंक आणि चिमणी, त्यात लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांकडे असतं तसंच.

आणि माझं छत. माझ्या वाट्याचं. तुळयांवर ऑईलपेंट, त्याखाली चुलीची काजळी, पिढ्यांची, डांबरासारखी. कास्टिक सोड्यानं काढायला गेले, मनगटावर भाजलं, तो डाग अजून आहे. मग सुताराकडून पॉलिशपेपरनं घासून घेतलं, त्यालाच बावीस दिवस गेले, वर अळशीचं तेल दोन हात. खालून जे लाकूड निघालं त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, आई म्हणतात मी येणाऱ्या प्रत्येकाला मान वर करायला लावते. सातपुड्यातलं सागवान असणार, सुतार म्हणाला, उधईनं, म्हणजे वाळवीनं, एका तुळईच्या टोकाला तोंड लावलं होतं आणि सोडून दिलं होतं. काम चालू असताना जुनं लाकूड घेणारा एकजण दारात येऊन उभा राहिला, यांना कसं कळतं देव जाणे. टेप काढून तुळया मोजल्या, घनफुटाचा हिशोब केला आणि आकडा सांगितला. त्या पैशांत पूर्ण खोलीवर स्लॅब पडून वर शिल्लक राहिली असती. मी आईंकडे पाहिलं. मला वाटलं आता संपलं. आईंनी त्याला पाणी दिलं, म्हणाल्या, "तिनं छत शे, तिले इचार."

मी नाही म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं. आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ते गळलं.

आता खारी आणणारं कुणी राहिलं नाही, गाढवं नाहीत, शिडी लावून चढणाऱ्या बायका नाहीत. मी यूट्यूब बघून ताडपत्री टाकली, ती वाऱ्यानं उडाली. त्यात मी आधीच एक घोळ घालून ठेवला होता. धाब्याला मध्ये एक सानं असतं, हातभर भोक, आमच्यासारख्या दोन्हीकडून बंद घराला उजेड तिथूनच मिळतो. पाऊस, धूळ, मांजर सगळं त्यातून येतं म्हणून मी त्यावर जाड काच सिमेंटनं पक्की बसवली होती. उजेड सुंदर, दुपारी टाईल्सवर उन्हाचा चौकोन, फोटो पण टाकला होता. पण एप्रिलमध्ये ती खोली भट्टी झाली. दोन फुटी भिंती ऊन हळूहळू आत सोडतात, दिवसाची गरमी रात्री खोलीत उतरते, आणि ती वर चढून सान्यातून निघून जायची ती वाटच मी बंद केली होती. भिंतीचं तोंड बांधलं ते कंत्राटदारानं, छताचं मी स्वतः.

उपाय आईंनी सांगितला, आणि तो मला अजिबात आवडला नाही. धाब्याच्या वर लोखंडी अँगलवर पत्र्याची शेड. गल्लीत चार घरांवर तशी आहे, लांबून बघितलं तर गोडाऊन वाटतं. पण दुसरा मार्ग नव्हता. धाबं आणि पत्रा यांच्यामध्ये तीन-साडेतीन फूट मोकळं ठेवलं, काच फोडली, सान्याच्या बरोबर वर एक फायबरचा पारदर्शक पत्रा टाकला. उजेड येतो, गरम हवा निघून बाजूनं जाते, मातीवर पाणी पडत नाही त्यामुळे खारीचा प्रश्नच मिटला. उन्हाळ्यात आई त्या सावलीत बिबडे आणि कुरडया सुकवायला गेल्या तर सावलीत कुठलं सुकतंय, म्हणून आता त्या शेजारणीच्या गच्चीवर जातात आणि तिला सांगतात की आमच्या सुनेनं शेड टाकली. मी. मी टाकली!

हिशोब साडेपाच लाखांच्या पुढे गेल्यावर हे वहीत लिहायचे थांबले.

यंदा कानबाई आमच्याकडे होती. खानदेशाबाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंदकी सगळी जमते, गहू दळून रोट होतात आणि ते भाऊबंदांतच खायचे असतात. आणि त्याआधी घर धुऊन, रंगवून स्वच्छ हवंच, आमच्याकडे दिवाळीपेक्षा कानबाईचा चुना मोठा. म्हणजे मी जो शब्द देऊन बसले होते तो आषाढ संपता संपता दारात येऊन उभा. पिंपात चुना भिजला, मी जुना पंजाबी ड्रेस घातला, डोक्याला रुमाल, हाताला खोबरेल, आणि कुंचा घेऊन मधल्या खोलीत स्टुलावर. रोज ऑफिससाठी निघणाऱ्या माणसाला हाक मारायची नाही असं ठरवलं होतं, त्याप्रमाणे हे सकाळीच पळाले.

चुना लावताना एक होतं, ज्यांनी लावलाय त्यांना माहीत असेल. ओला असतो तेव्हा तो दिसतच नाही. पाणी फासल्यासारखी भिंत नुसती गडद होते, खालचे सगळे डाग, भेगा, मागच्या वर्षीचे ओघळ अजूनच उठून दिसतात, आणि वाटतं पातळ झाला, अजून एक हात देऊ. तो द्यायचा नाही. पावसाळी हवेत हळूहळू वाळतो, आणि हळू वाळलेला चांगला धरतो. दोन तासांनी मागे वळून बघितलं की जिथून सुरुवात केली तो कोपरा पांढरा व्हायला लागलेला असतो, एका बाजूनं, दूध उतू जाताना कडेनं वर येतं तसा.

आई खुर्ची घेऊन दारात बसल्या होत्या, रोटांचे गहू निवडत. माझे पितळी टोपीवाले दिवे लावलेले होते, दोन्ही, त्यांचा उजेड भिंतीवर मधासारखा पडला होता आणि सान्यातून ढगाळ उजेड खाली येत होता. मी तिन्ही भिंती संपवून खाली उतरले, खांदा भरून आला होता, बोटांच्या पेरांना चुन्यानं चिरा पडल्या होत्या. म्हटलं झालं आई, वाळला की बघा. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि बटण दाबलं. ट्यूबलाईट दोनदा फडफडून लागली.

त्यांनी एक एक भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली, खांबाच्या मागे वाकून पाहिलं, मग पुन्हा जाऊन खुर्चीवर बसल्या आणि सूप मांडीवर घेतलं.

"खुंटीना खालना कोपरा ऱ्हाई गया," म्हणाल्या.